आप्पांसाठी बिनआवाजी टायर

चाळीत गाडी एकाची असते, पण तिचे किस्से सगळ्यांचे असतात. आमच्या लालबागच्या चाळीत मी डिकीवाली गाडी आणली, सेकंडहँड का होईना, तेव्हापासून तिच्याबद्दल माझं मत कोणी विचारलेलं नाही. त्यात मी तिचे टायर बदलायला निघालो. आता जो भेटतो तो म्हणतो, तो टायरचा किस्सा सांग ना. कुठला सांगू? एक असेल तर सांगेन! तेव्हा सगळेच ऐका. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण मी अजून तापलेलोच आहे हे लक्षात ठेवा.

मूळ भानगड अशी. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साचेखात्यात होते. जिथे माग चालतात ते साचेखातं. तिथल्या खडखडाटात त्यांचे कान गेले. पूर्ण नाही, पण गेले. त्या खात्यात सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचे, त्यामुळे समोर उभं राहून बोललं की आप्पांना आजही कळतं. पण गाडी चालवताना मी रस्त्याकडे बघू की त्यांच्याकडे तोंड करू?

आणि मला त्यांना एक गोष्ट विचारायची होती. संप लांबला तेव्हा गिरणीतून आप्पांना परत कामावर बोलावणं आलं होतं. बरोबरचे बरेच जण गेले, आप्पा गेले नाहीत. का, ते आजतागायत सांगितलं नाही. पुढे गिरणी बंदच झाली. आईने आमच्या एका खोलीत खानावळ चालवली. शाळेतून आलो की मी आधी दुसऱ्यांची ताटं उचलायचो, मग स्वतःचं वाढून घ्यायचो. राग येणार नाही माणसाला? मला येतो. आईला विचारलं तर म्हणते, त्यांना विचार. घरात कसं विचारणार, भिंतीला कान लावून शेजारी बसलेले. उरली गाडी.

गेल्या वर्षी गावाला जाताना हिंमत करून विचारलं. आप्पांनी कानातल्या मशीनकडे बोट दाखवलं, मग खाली रस्त्याकडे, आणि हात हलवला. खरंच होतं ते. टायरची घरघर एवढी, की मशीन लावलं तर कानात पुन्हा साचेखातं सुरू व्हायचं. त्याच दिवशी ठरवलं, टायर बदलायचे. शांत घ्यायचे आणि टिकाऊ घ्यायचे, पुन्हा पुन्हा हा उपद्व्याप नको.

* * *

पहिला सल्ला दिन्याचा. दिन्या आमच्या शेजारच्या खोलीतला, टॅक्सी चालवतो. त्याने खाली बसून टायरच्या खाचेत बोट घातलं आणि निकाल दिला, अजून दोन पावसाळे सहज जातील. याच्या स्वतःच्या टॅक्सीचे टायर न्हाव्याकडून आल्यासारखे तुळतुळीत! मी म्हटलं, अरे, प्रश्न झिजण्याचा नाही, आवाजाचा आहे.

"मग टेपचा आवाज वाढव ना. तो कशाला बसवलाय?"

हा माणूस रोज पॅसेंजर घेऊन फिरतो, बोला आता. वर संध्याकाळपर्यंत गॅलरीभर करून आला की हा बहिऱ्या बापासाठी सायलेंट टायर घेतोय. दुसऱ्या दिवशी नळावर मला एकाने विचारलं, पुढच्या महिन्यात कुठल्या आंधळ्यासाठी आरसा घेणार? बादली त्याच्या पायावर ओतणार होतो, पण पाणी जायची वेळ झाली होती.

* * *

मशीनचाच काही दोष असेल म्हणून आप्पांना परळला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे एक छोटी खोली, भिंतींना गाद्या लावलेल्या, दार बंद केलं की बाहेरचं काही आत येत नाही. डॉक्टरांनी आप्पांना पाठमोरं बसवलं आणि हळू आवाजात भाज्यांची नावं घेतली. आप्पांनी एकूण एक भाजी बरोबर सांगितली. डॉक्टर मला म्हणाले, बघा, मशीन उत्तम आहे.

दार उघडलं, आम्ही खाली आलो. एक बस, दोन ट्रक आणि एक बँडवाला एकदम गेले. आप्पांनी मशीन काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, "तेंका इचार, ती खोली भाड्यान देतंत काय?"

मला सांगा, लालबागच्या माणसाचं मशीन गादीच्या खोलीत तपासून काय उपयोग? परत वर जाऊन हेच डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, आवाज कमी असेल अशा ठिकाणी राहा. घ्या! जसा काही मी मलबार हिलचा फ्लॅट रिकामा ठेवून चाळीत राहतोय.

* * *

मग टायरचं दुकान. आई बरोबर आली, कारण तिच्या मते मला अजून कोथिंबीर घेता येत नाही. आप्पाही आले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. दुकानदाराला मी सगळं नीट समजावलं, वडिलांना कमी ऐकू येतं म्हणून कमी आवाजाचे टायर हवेत. त्याने आतल्या माणसाला हाक मारून त्याच्यासमोर मला पुन्हा सांगायला लावलं. दोघं पोट धरून हसले.

"ऐकू येत नाही, मग टेन्शन कसलं?"

मी तिथूनच परत फिरणार होतो. पण आई तोवर कामाला लागली होती. हिंदमाताला साड्या बघते तशी तिने एकेक टायर चिमटीत धरून बघायला सुरुवात केली. हा नको, तो वरचा काढा, त्याच्या मागचा दाखवा. शेवटी एकावर नख रोवून तिने विचारलं, हा सेलचा माल आहे का? दुकानदार भडकला, म्हणाला, मावशी, कालच उतरवलाय. टायरच्या अंगावर तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, एवढं मला वाचून माहीत होतं. मी वाकून बघितलं तर चार वर्षांपूर्वीचा! पडून पडून कडक झालेलं रबर, ते आवाज नाही तर काय भजन करणार? मी आकडा दाखवला तर म्हणतो कसा, साहेब, टायर जुना झाला की मुरतो. लोणचं आहे का ते?

तरी वर त्याचं ज्ञान सुरूच. कडक रबर टिकतं पण बोलतं, मऊ रबर गप्प असतं पण लवकर झिजतं. शांत आणि टिकाऊ, दोन्ही एकाच वस्तूत मागू नका. आणि मग आईकडे बघून, डोळे मिचकावून म्हणाला, बायकोत नाही मिळत, तर टायरमध्ये कुठून मिळणार?

आईने स्टुलावरच्या आप्पांकडे हात केला. "ह्यांच्यात दोन्ही आहे. चाळीस वर्षं मी वापरतेय. चांगलं नसतं ते."

दुकानदाराने मुकाट्याने आतून नवीन माल काढला.

* * *

बसवले चारही नवे. टायर खरोखर गप्प झाले आणि त्याबरोबर गाडीतलं बाकी सगळं बोलायला लागलं. डावं दार करकरायचं, डॅशबोर्ड किरकिरायचा, डिकीत काहीतरी ठणठण करायचं. इतकी वर्षं हे सगळं घरघरीखाली झाकलेलं. दिन्याला फेरी मारायला नेलं तर गिरगाव यायच्या आत म्हणतो, जुने टायर परत बसव, गाडी नवी वाटेल.

दाराला ग्रीस लावलं, डॅशबोर्डखाली कापड कोंबलं. डिकीतली ठणठण म्हणजे आईची खानावळीतली जुनी पितळी डाव निघाली. डिकीत कशाला ठेवलीस म्हटलं, तर म्हणे गावाला न्यायचीय. महिनाभर मी गॅरेजवाल्याला उगाच शिव्या घालत होतो!

* * *

आणि मग आम्ही गावाला निघालो. पुढे मी आणि आप्पा, मागे आई. पनवेल मागे पडलं, ट्रक कमी झाले, काचा वर केल्या. गाडी अशी चाललेली की आईची बांगडी वाजलेली पुढे कळत होती. आप्पांनी आपणहून खिशातून मशीन काढलं आणि कानात घातलं. मी पंखा बंद केला.

कशेडीचा घाट चढताना रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "आप्पा, गिरणीतून बोलावणं आलं होतं. तुम्ही परत का गेला नाहीत?"

मागे आई पुढे सरकून बसली.

आप्पा समोर बघत राहिले. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मला वाटलं संपलं, एवढा खटाटोप फुकट गेला. डोकंच फिरलं माझं. आवाज चढवून म्हणालो, आप्पा, नवे टायर आहेत, काचा बंद आहेत, पंखासुद्धा बंद केलाय. मी काय विचारलं ते ऐकू आलं की नाही, एवढं तरी सांगा.

"ऐकाक इला," आप्पा म्हणाले. "गेल्या वर्षी पण इला होता."