किन्हवलीचा टेपवाला

किन्हवलीच्या एसटी स्टँडजवळ त्याची रेडिओ-टेप दुरुस्तीची टपरी होती. उघडलेल्या रेडिओशी तो लेकीशी बोलावं तसा बोलायचा, "रुसू नको गो, होतंय." गिऱ्हाइकाशी मात्र मोजकंच.

माझ्या वडिलांचा जुना टेप-रेडिओ त्याने बरेच दिवस खपून चालू केला. आत अडकलेली कॅसेट सोडवून लावली, तर माझ्या गेलेल्या आईच्या आवाजातलं हळदीचं गाणं ऐकू आलं. माझे डोळे भरले. त्याने आवाज बारीक केला. "घरी जाऊन ऐकता, का मोठा करू?"

"करा मोठा. आईचा आवाज आहे."

स्टँडवरच्या बायकांनी पुढची ओळ उचलली. तेवढ्यात त्यांची शेणव्याची बस आली, ड्रायव्हरने हॉर्न दिला. टेपवाला धावत बससमोर उभा राहिला.

"थांब रे! यांच्या आयचं गाणं हाय, संपू दे."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.