सारवून टाकलेली चूल

मागच्या महिन्यात एका सकाळी शिरपूर जैनजवळच्या वस्तीवर गेले होते. वत्सलाआजींच्या घरी रेशन कार्डाच्या चौकशीला तलाठी येणार होते... आणि मी आदल्या दिवसापासूनच खुशीत होते.

आम्ही चार-पाच मैत्रिणी सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांत फिरतो. ज्यांना रेशनचं धान्य मिळायला हवं पण मिळत नाही, त्यांची कामं मार्गी लावतो. वत्सलाआजी अशाच भेटल्या, एका मळ्यात मेथीच्या जुड्या बांधताना.

आजींचं नाव मुलाच्या कार्डावर. त्यामुळे त्यांच्या वाट्याचं धान्य पुढे मुलाच्या घरात यायचं आणि तिथंच संपायचं. आजी मागच्या छपरीत एकट्या राहायच्या, तीन दगडांच्या चुलीवर आपलं आपण रांधायच्या. कामाला बोलावलं त्या दिवशी भाकरी, नाही त्या दिवशी... त्या कधी सांगायच्या नाहीत, पण पिठाचा डबा रिकामा असतो हे मी पाहिलं होतं.

मुलगा वाईट नाही हो. तोही रोजाने जाणारा, घरात खाणारी तोंडं जास्त. कधीतरी सासू-सुनेचं बिनसलं, आजींची चूल मागे गेली आणि मागेच राहिली.

एकट्या राहणाऱ्या विधवा म्हणून आजींना स्वतःचं अंत्योदय कार्ड मिळू शकत होतं. फक्त चौकशीत चूल वेगळी आहे हे दिसायला हवं होतं. ती तर होतीच, मागची भिंत धुराने काळीकुट्ट झाली होती. साहेब येतील तेव्हा चूल पेटती ठेवा, एवढं मी आजींना बजावून ठेवलं होतं. माझ्या लेखी काम फत्ते होतं.

तलाठ्यांना घेऊन मागे गेले... तर छपरीत चूल नव्हती. दगड गायब, जमीन शेणाने सारवलेली, काळ्या भिंतीला पांढऱ्या मातीचा ताजा हात. आजी पुढच्या घरात सुनेशेजारी बसून तांदूळ निवडत होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून.

तलाठ्यांनी विचारलं, आजी, तुमचा स्वयंपाक कुठं होतो?

"लेकाच्या घरी खातो ना मी. मायी कायले राहीन वेगळी चूल?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आजींनी मला डोळ्यांनीच दटावलं. मुलगा दारात मान खाली घालून उभा. तलाठी भला माणूस, त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, पण आजींचं उत्तर तेच. मग त्यांचा तरी काय इलाज... एकत्र कुटुंब आहे असं लिहून ते निघून गेले.

माझं डोकं फिरलं. तहसीलचे सगळे हेलपाटे आठवले आणि आजींना मागे नेऊन मी चांगलीच फणकारले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाल्या,

"नातीले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले, माय. बुढ्या मायले वेगळं टाकनाऱ्या घरची पोरगी कोन करीन?"

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे उठून स्वतःच दगड उचलले होते, स्वतःच सारवलं होतं. नखांत अजून शेण होतं. मला माझ्या फणकाऱ्याची फार लाज वाटली.

परवा पुन्हा गेले. सोयरीक जमली होती, आजींनी हातावर साखर ठेवली. मी म्हटलं, चला, आता पुन्हा चूल मांडा, आपण नव्याने अर्ज करू... त्या साखरेच्या डब्याचं झाकण लावत बसल्या. सध्या जेवता कुठं विचारलं, तर पुढच्या घराकडे बोट केलं.

पाहुण्यांची ये-जा सुरू आहे, कोण कधी दारात येईल नेम नाही. म्हणून सून रोज ताट वाढते. गरम भाकरी, सगळ्यांच्या सोबत बसून. किती वर्षांनी, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

"लगन झालं का मंग करजो मायं कार्ड. तवा लागनच मले." मग सारवलेल्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "पन तारीख जराशी लांबली त बरं होईन, व माय."

वाशीमच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले आणि रडू आवरेना. शेजारच्या बाईंनी न विचारताच पाण्याची बाटली पुढे केली.

आजींचा नवा अर्ज भरून माझ्या पर्समध्ये तयार आहे. आजवर प्रत्येक काम लवकर व्हावं म्हणून टेबलाटेबलाशी भांडत आले... हा एकच अर्ज असा आहे, जो द्यायची वेळच येऊ नये असं वाटतंय.