सोनुबाईचं नवसाचं डाळिंब

सोनुबाई आमची शेजारीण. तिची दोन नातवंडं जन्मताच गेली. सून आवडी पुन्हा गरोदर राहिली तेव्हा सोनुबाईनं देवीला बोलून ठेवलं, "दारच्या डाळिंबाचं अख्खं फळ तुझ्या ओटीत घालीन, पोर जगव." झाडाला त्या साली एकच फळ धरलं. ते लिंबाएवढं झालं तसं तिनं फडक्यात बांधलं. नवसाच्या फळाला नजर लागू नये म्हणून ओटी भरेपर्यंत फडकं सोडायचं नाही, अशी इकडची रीत.

पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. भात झोडता झोडता उठायची, फडक्यावरून फळ चाचपायची.

"अगं, हातानंच पिकवतेस की काय?" मी म्हणायची.

"हसा वयनी, हसा. गळलं म्हंजे?"

मार्गशीर्षात आवडीला आठवा लागला. देवीची ओटी भरायला देवळात निघायचं म्हणून सोनुबाई झाडाशी गेली, तर फडक्यात काहीतरी फडफडत होतं. गाठ सोडताच अंगठ्याच्या पेराएवढं निळंजांभळं फुलपाखरू उडालं. फळाला भोक, आतून कुजका वास.

"शिरलं कुठून गं बाय हे? फडकं तर मी सोडलंच नाय!"

मलाही तेव्हा कळलं नाही. पुढं आमच्या परसातल्या झाडावर पाहिलं. हे फुलपाखरू फुलाच्या देठाशी पांढरं, कणभर अंडं चिकटवतं. अळी कोवळ्या फळात शिरून दाणे खाते, मधेच बाहेर येऊन देठ फांदीला धाग्यांनी बांधते, म्हणजे फळ गळत नाही. मग आतच कोश करते. सोनुबाईनं फडकं बांधलं तेव्हा अळी आतच होती.

"आत्याबाय, काय झालं?" आवडी दारातून ओरडली.

"काय नाय गं. तू बस." सोनुबाईनं ते धागे तोडून फळ पदराखाली घेतलं.

"कशेळ्याच्या बाजारातून दुसरं आणू," मी हळूच म्हटलं.

"दारचं बोलले व्हते मी."

देवीपुढं तिनं भोक वर करूनच फळ ठेवलं. किडकं फळ देवीला! माझ्यानं राहवेना. फळ फिरवायला हात पुढं केला, तर तिनं मनगट धरलं.

"दिसू दे तिला. खोटं बोलून पोर मागू व्हय?"

पौषात आवडीला मुलगी झाली, मोठ्यानं रडली. मी आतून हाक मारली, पण सोनुबाई ओसरीवरच उभी. उंबरा न ओलांडताच तिनं विचारलं, "वयनी, रडतंय ना अजून पोर?"