बंद कॉम्प्रेसरची हवा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाणारा माणूस मी. दसऱ्याला मशीनला लिंबू-मिरची बांधणाऱ्या पोरांची वर्षभर टर उडवायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय... तरी लिहितो, कारण लपवून झोप लागत नाही.

नगरच्या — आता अहिल्यानगर म्हणायचं — एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मी मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे पंपाच्या बॉड्या बनतात. त्या धुऊन झाल्या की एअर गनने हवा मारून कोरड्या करायच्या, भोकाभोकातलं पाणी उडवायचं. हे काम म्हसूदादांचं. पारनेरकडचे, पंचावन्नचे, कामात एकदम चोख. त्यांची हवा मारायची पद्धत ठरलेली — आधी स्वतःच्या तळहातावर, मग मालावर दोनदा छोटी, एकदा लांब. फुस्, फुस्... फूऽऽस. पाठमोरं असलो तरी कळायचं, गन दादांच्या हातात आहे.

गेल्या पावसाळ्यात ते मला म्हणाले, "साहेब, हवाच वली येतीया. हातावर पानी लागतंय बघा."

कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतलं पाणी साचतं. रोज खालचा कॉक उघडून ते काढायचं, नाहीतर हवेबरोबर तेच पाणी मालावर जातं. हे काम माझं. पण कंबर धरल्यापासून मी वाकायचा कंटाळा करत होतो आणि पाणी न काढताच रजिस्टरवर सही ठोकत होतो. मी म्हणालो, "दादा, पाणी रोज काढतो मी. तुम्ही जरा नीट हवा मारा."

त्यांनी मान हलवली. पुढे दोनदा त्यांनी तेच सांगितलं, दोनदा मी तेच उत्तर दिलं.

मग गंजलेला लॉट कस्टमरकडून परत आला. त्या दिवशी मी गुपचूप कॉक उघडला. बादलीभर तांबडं पाणी निघालं. आणि रिपोर्टमध्ये लिहिलं — ऑपरेटरने हवा नीट मारली नाही. दादांना लोडिंगला टाकलं. दुसऱ्या दिवसापासून माल कोरडा. सगळे म्हणाले, बघा, माणूस बदलला नि माल सुधारला. मी गप्प बसलो. महिन्याभरात दादा घरी झोपेतच गेले. हार्ट अटॅक.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी कॉम्प्रेसरचं काम काढलं. सकाळचे अकरा. शेडमध्ये मी एकटा, वॉचमन गेटवर. टाकी पूर्ण रिकामी केलेली, पाणीसुद्धा काढलेलं. मेन स्विच बंद. प्रेशरचा काटा शून्यावर.

फुस्, फुस्... फूऽऽस.

आधी वाटलं, लीक असेल. पण लीक व्हायला हवा तर हवी ना! पुन्हा तोच आवाज. दादांच्या टेबलाकडून. भीती वाटली, खोटं कशाला बोलू... तरी गेलो. गन खुंटीला टांगलेली. का कुणास ठाऊक, मी तिच्यासमोर तळहात धरला. ट्रिगरला बोटही लावलं नाही. गार हवा हातावर आली — आणि तिच्याबरोबर पाणी. तांबडं. तळहातावरून मनगटापर्यंत ओघळलं.

मी तिथेच खाली बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी पारनेरकडे त्यांच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं, हात जोडले. शिव्या देतील असं वाटलं, द्याव्यात असंही वाटत होतं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "शेवटाला सोताचा हात बघत बसायचे वो. म्हनायचे, माझाच हात चुकला आसंल. साहेब कशाला खोटं लिवतील?"

मॅनेजरला लिहून दिलं. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. रिपोर्ट बदलला. आवाजाचं विचाराल तर एक मित्र म्हणतो, पाइपात हवा अडकली असेल. काटा शून्यावर असताना? गन दाबलेली नसताना? मला माहीत नाही. त्याचा उलगडा आजही झालेला नाही, आणि तो शोधायची मला घाईही नाही. दादा स्वतःलाच दोषी धरून गेले... चूक माझी होती, हे आता त्यांना कुणी सांगायचं?