एका टर्मची फी

श्रीरामपूरच्या शाळेत लिडिया बोर्डे सोळा वर्षं गणित शिकवत होती. उत्तरापुढं एकक लिहिलं नाही तर ती अर्धा मार्क कापायची. ‘नुसते बारा म्हणजे काय? बारा आंबे की बारा बैल?’ असं विचारून पोरांना हसवायची आणि मार्क मात्र द्यायची नाही.

तिचा नवरा दानीएल साखर कारखान्यात केमिस्ट होता. हंगामागून हंगाम पगार रखडायला लागले, तेव्हा त्यानं युगांडातल्या एका कारखान्यात नोकरी धरली. दोन वर्षांचा करार, राहायला बंगला. जूनमध्ये तो पुढं गेला. नॅन्सी नववीत, स्टीफन पाचवीत. त्यांना घेऊन लिडियानं जानेवारीत निघायचं ठरलं. कारखान्याच्या वसाहतीत शाळा होती ती दुसरीपर्यंतच. म्हणून मुलांना राजधानीतल्या इंटरनॅशनल शाळेत, तिथल्याच वसतिगृहात ठेवायचं होतं. दानीएलनं फोनवर फीचा आकडा सांगितला. लिडियानं तो धरून पुढच्या दोन वर्षांचं सगळं बसवलं: गणवेश, जेवण, सुट्टीत येणं-जाणं, दरवर्षीची वाढसुद्धा. बसत होतं. ओढूनताणून, पण बसत होतं.

मग तिनं राजीनामा दिला. घर बिभीषणराव नावाच्या बँकेतल्या साहेबांना भाड्यानं दिलं. निघेपर्यंत सासूबाई केशरबाईंना आणि मुलांना घेऊन ती गल्लीतल्याच रतनबाईंच्या माडीवर दोन खोल्यांत राहायला गेली. चर्चमध्ये निरोपाची प्रार्थना झाली, केक कापला, फोटो निघाले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिनं त्या शाळेत फोन लावला. वर्षाची फी कधी भरायची, एवढंच विचारायचं होतं.

“वर्षाची?” तिकडची बाई अदबीनं म्हणाली. “तुम्हाला कळवली ती एका टर्मची फी आहे, मॅडम. वर्षात तीन टर्म असतात.”

लिडियाला कागद-पेन लागलं नाही. तिपटीचा गुणाकार चौथीतल्या पोरालाही येतो. ती पलंगावर बसली आणि फोन कधी बंद झाला ते तिला कळलं नाही.

“अहो, तुम्ही विचारलं नव्हतं का?” तिनं दानीएलला विचारलं.

“फी म्हटल्यावर मला वाटलं, वर्षाची. आपल्याकडं तसंच असतं ना? आणि हिशेब तर तूच केलास, लिडिया.”

ते खरं होतं. आकडा कशाचा, हे तिनंच विचारलं नव्हतं.

दानीएलला परत येण्याची सोय नव्हती. करार मोडला तर कंपनीनं केलेला खर्च भरून द्यावा लागणार होता, आणि इथल्या त्याच्या जागी माणूस आलेला होता. पुढच्या रविवारी तोच फोनवर चाचरत म्हणाला, “एकाचं जमेल. स्टीफनला घेऊन ये. नॅन्सीची दहावी जवळ आलीय, ती राहील माझ्या आईपाशी.”

“मुलगा म्हणून स्टीफन?”

“तसं नाही गं.”

“मग नॅन्सीला नेते. स्टीफन राहू दे.”

दानीएल काही बोलला नाही. त्या गप्प बसण्याचा लिडियाला जेवढा राग आला, तेवढा फीचाही आला नव्हता. मागं वळली तर दारात नॅन्सी उभी.

“मी राहते, मम्मी. खरंच राहते,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका समजूतदार होता की लिडियाला ते सोसवेना. “तू गप्प बस,” ती ओरडली. “पोरांची वाटणी करायची नाही मला!”

दुसऱ्या दिवशी ती राजीनामा परत घ्यायला शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

“मॅडम, राजीनामा मंजूर झालाय. तुमच्या जागी समायोजनातून, दुसऱ्या शाळेत जादा ठरलेल्या एक बाई हजर झाल्यात. मागच्याच सोमवारी. माझ्या हातात काही नाही राहिलं.”

येताना तिनं आठवी ‘ब’च्या खिडकीतून पाहिलं. फळ्यावर दुसऱ्याच कुणाचं अक्षर होतं. पहिल्या बाकावरच्या पोरीनं तिला ओळखून हात हलवला. लिडिया भराभर फाटकाबाहेर पडली.

रविवारी चर्चमध्ये जो तो विचारायचा, “कधी निघताय?” सुरुवातीला ती कारणं सांगायची, मग शेवटचं गीत संपायच्या आधीच उठून यायला लागली. लिडिया निघाली की केशरबाई मुलीकडं भिंगारला जाणार होत्या, पण आता त्या हलल्या नाहीत. “तू हितं अशी अडकून पडलेली, आन् मी कुटं जाऊ?” म्हणाल्या. “दोन खोल्या लई झाल्या आपल्याला.”

त्याच दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत लिडियानं शिकवणी सुरू केली. जूनपासून एका इंग्रजी शाळेत कंत्राटावर लागली. जुन्या पगाराच्या निम्म्यानं. गॅलरीत कपडे वाळत घालताना समोर तिचंच घर दिसायचं. बिभीषणरावांनी त्याला पिवळा रंग दिला होता.

अकरा महिन्यांचा करार संपत आला, तशी ती घर मागायला गेली. बिभीषणराव हात जोडून म्हणाले, “मॅडम, पोरीचं शाळेचं वर्ष मध्यावर आहे. आत्ता तिला कुठं हलवू?”

शाळेचं वर्ष मध्येच मोडण्याबद्दल लिडियानं कुणाला काय सांगावं? तिनं करार वाढवला.

नाताळाला दानीएल सुट्टीवर आला. रिक्षातून उतरला तो बॅग ओढत सवयीनं सरळ पिवळ्या घराच्या फाटकाशी गेला आणि कडी काढू लागला. घर सोडल्याचं त्याला ठाऊक होतं, पण पायांना ठाऊक नव्हतं.

“अहो, इकडं!” लिडियानं माडीवरून हाक मारली. “इकडं वर या.”

त्यानं मान वर करून पाहिलं. मग फाटकाची कडी पुन्हा नीट लावली आणि बॅग उचलून अरुंद जिना चढू लागला. तीन आठवड्यांनी तो परत गेला. करार संपायला अजून पाच महिने होते.