डाळ, अंडी आणि अक्काचे सोमवार

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "व्हेज का नॉनव्हेज?" माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, उत्तर देता येईना. गेवराईकडच्या आमच्या घरात ती रविवारी कोंबडीच्या रश्श्यासाठी माझ्याशी भांडायची. लग्न होऊन नांदूरघाटला गेली आणि तिथं सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. तेव्हापासून अंड्याचं टरफलसुद्धा तिच्या हाताला लागलं नव्हतं. "व्हेज," ती शेवटी म्हणाली.

सोनोग्राफीत पीसीओएस निघालं होतं. चार-चार महिने पाळी नाही, हनुवटीवर केस, वजन वाढतच चाललेलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. बाई म्हणाल्या, "गोळ्या देते, पण जेवणही सुधारा. साखर, मैदा कमी. प्रत्येक जेवणात प्रोटीन हवं. डाळ, मटकी, हुलगे, सोयाबीन, शेंगदाणे, दही. अंडी चालत असतील तर उत्तमच, नसतील तरी अडत नाही. दोन्हीनं काम होतं. पण पोटभर आणि रोज." बाहेर बायकांची रांग होती. आम्ही उठलो.

माझे वडील मोर्चांची पत्रकं घरी आणायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले, आणि कुणी काय खायचं हे दुसऱ्यानं ठरवायचं नाही हेही. बाईंच्या बोलण्यातलं मला फक्त अंडंच ऐकू आलं. केजच्या स्टँडवर मी अक्काला आमलेट घेऊन दिलं. तिनं रस्त्याकडं पाठ केली, पदर पुढं ओढला आणि तीन घासात संपवलं.

"कुणी बघितलं तर?"

"बघू दे. चोरी केली का तू?"

"तुझं बरंय माय. तुला कुणाच्या घरी परत जायचं न्हाई."

पुढच्या आठवड्यात मी अंड्यांचा ट्रे घेऊन थेट नांदूरघाटला गेले. भांडायच्या तयारीनंच. सासूबाई चुलीपाशी होत्या. ट्रे बघून म्हणाल्या, "हे घरात न्हाई यायचं."

"मावशी, तुमची लेकं गोठ्यामागं तीन दगडांवर मटण शिजवतात. ते चालतं?"

"ते गडीमाणसं हायती. पातेलं भाईरचं भाईर ऱ्हातं. बाईमाणूस गोठ्यामागं बसून खाईल व्हय? लोक थुकतील तोंडावर."

आम्ही बोललो ते सगळं ओसरीवर ऐकू जात होतं. सासरे खाकरले. "माळ माझ्या गळ्यात हाय," ते म्हणाले. "तिच्या न्हाई. औषध म्हणून खाऊ द्या. भाईरच्या पातेल्यात उकडा म्हणावं."

दाजी हसत म्हणाले, "मेव्हणीबाई, तुमी आमदारकीला उभ्या ऱ्हा." मीही हसले. परतताना एसटीत मला वाटत होतं, आपण एक घर जिंकलं.

आषाढात पुन्हा गेले तेव्हा सोमवार होता. गोठ्यामागच्या पातेल्यात वासराचं पाणी. अक्का साबुदाण्याची खिचडी खात होती, बाजूला उकडलेले बटाटे. मी विचारलं तेव्हा कळलं: सोमवार परळीच्या वैजनाथाचा, मूल व्हावं म्हणून. गुरुवार दत्ताचा. शनिवारही धरलेला. वर चतुर्थी आणि एकादशी. अंडं तर नाहीच, पण या दिवशी डाळही नाही. उरलेल्या दिवशी पुरुषांची पंगत आधी. त्यांना वाढताना पळी तळाशी फिरवायची ही त्या घरची रीत, आमच्याही घरची. बायका बसायच्या तेव्हा पातेल्यात पिवळं पाणी असायचं.

शाकाहार का मांसाहार यावर मी त्या घराला उभं-आडवं घेतलं होतं. अक्काच्या ताटात दोन्ही नव्हतं. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. त्या घरातलं सगळ्यात मोठं औषध उपास होतं आणि तेच तिला सगळ्यात जास्त दिलं जात होतं.

अक्का भांडी घासायला बसली तसं मी तिला म्हणाले, "हे बंद कर. साबुदाणा आणि बटाटा म्हणजे नुसतं पीठच. डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलंय."

"मला कळत न्हाई व्हय?"

"मग कावून करतीस?"

तिनं हातातली राख खाली टाकली. "ह्यांच्यासाठी पोरगी बघायलेत. केजकडची. आत्या मधी पडल्या. म्हनल्या, मी सुनेसंगं उपास धरलेत, श्रावण संपूस्तर देवाला वेळ द्या. म्हणून थांबलेत समदे. आत्याला शुगर हाय, तरी धरत्यात. आता मी उपास मोडले तर ते म्हनतील, हिलाच मूल नको."

सासूबाईंना मी अडाणी समजत होते. त्या बाईनं आपल्या पोटाला चिमटा घेऊन सुनेसाठी वेळ मागून घेतला होता. आणि त्याच उपासांनी सुनेचं शरीर आणखी बिघडत होतं. दोघी एका ताटात साबुदाणा खात होत्या.

श्रावण गेला. पाळी आली नाही, दिवसही गेले नाहीत. भावकीची बैठक बसली. मी उभी राहून म्हणाले, पहिली बायको असताना दुसरी करणं गुन्हा आहे. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "पोरगी खरं बोलती. मग काडीमोड घ्या." माझ्या बोलण्याचा एवढाच उपयोग झाला. पुरुषाची तपासणी झाली का, हेही मी विचारलं. तेव्हा दाजी चप्पल शोधू लागले. अक्काला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना नको असंल तर मी कशाला ऱ्हाऊ?" निघताना सासूबाई बाहेर आल्या नाहीत. आतून भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

अक्का आमच्याकडं आली. आमची आई तिला आधी वाढू लागली. पळी तळाशी फिरवून. मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, दोन अंडी. अक्का कधी खायची, कधी तशीच बसायची. उपास सुटले होते, मुद्दाम नाही, तिला वार आठवत नव्हते. गोळ्या मात्र आई हातावर ठेवायची.

हुरड्याच्या दिवसांत एका सकाळी ती न्हाणीतून बाहेर आली आणि म्हणाली, "आली." पुढच्या महिन्यात पुन्हा आली. त्याच्या पुढच्या महिन्यातही. डाळीनं, अंड्यानं, गोळ्यांनी की पोटभर खाल्ल्यानं, मला सांगता येणार नाही. आईनं देवापुढं साखर ठेवली. अक्का गोधडीत तोंड घालून रडली.

तोवर दाजींचं लग्न झालं होतं.

तिसऱ्यांदा आली त्या दुपारी तिनं माझा फोन मागितला. "आत्याला सांगते," म्हणाली. मी नको म्हणाले. तिनं लावलाच. फोन स्पीकरवर होता.

"आत्या, लागोपाठ तिसऱ्या महिन्याला आली. येळेवर."

"बरं झालं माय," सासूबाई म्हणाल्या. मग आवाज एकदम खाली गेला. "आता हिथं कुणाला सांगू नगंस. नव्या सुनेनं कालपासून सोमवार धरलाय."