पुलावरची चिंधी
पेटीतून आईचं विटकं लुगडं निघालं की मला वैनगंगेचा रेल्वेपूल आठवतो. ऐंशी सालच्या सुमारास बाबा तिथे चौकीदार होते. त्याच लुगड्याची चिंधी त्यांनी बांबूला बांधली होती. वाऱ्यानं ती आडवी ताठ झाली की पुलावर गाडी येऊ द्यायची नाही, हा त्यांचा स्वतःचा नेम. वैशाखातल्या एका दुपारी मी त्यांचं जेवण घेऊन गेले, तेवढ्यात धुळीचं वादळ उठलं, चिंधी ताठ झाली आणि बाबांनी लाल झेंडी दाखवून मेल थांबवली. त्याच मेलनं जाणारे रेल्वेचे साहेब डब्यातून उतरून येईपर्यंत वारा पूर्ण पडला होता. "कुठं आहे वारा?" त्यांनी विचारलं. बाबा लोंबत्या चिंधीकडे पाहत राहिले. "आत्ताच होता जी साहेब, डबे पाडले असते त्यानं." त्याच आठवड्यात बाबांना पुलावरून हलवलं. आता तिथे वारा मोजायचं यंत्र फिरतं. त्यानं सांगितलं की गाडी थांबते. त्याला कोणी विचारत नाही, वारा कुठं आहे म्हणून.